जुना पीसी, नवीन लॅपटॉप आणि एकमेकांना न दिसणारे फोल्डर: कुठून बघायला सुरुवात करायची

घरात एक जुना एक्सपी किंवा विंडोज सेव्हनवाला पीसी असतो, त्यात वर्षानुवर्षांचे फोटो, हिशोबाच्या फाइली, एखादं असं सॉफ्टवेअर जे नवीन विंडोजवर इन्स्टॉलच होत नाही, आणि शेजारी टेन किंवा इलेव्हनचा नवा लॅपटॉप. दोन्ही एकाच राउटरला, दोन्हीवर इंटरनेट चालतंय, पण याचा फोल्डर त्याला दिसत नाही. मग लोक काय करतात, तर सर्च करून जे जे सापडेल ते सगळं एका बैठकीत करून टाकतात, फायरवॉल बंद, पासवर्ड प्रोटेक्शन बंद, एसएमबी वन (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू, एव्हरीवनला फुल कंट्रोल, आणि शेवटी चाललं तरी नक्की कशामुळे चाललं ते कळत नाही आणि नवं मशीन मात्र उघडं पडतं ते पडतंच.

म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, खालून वर जायचं, म्हणजे आधी केबल किंवा वायफाय, मग आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता), मग फायरवॉल, मग यूजर-पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी ते एसएमबीचं व्हर्जन. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि गंमत म्हणजे "जुन्या-नव्याचं जमत नाही" अशी जी केस वाटते त्यातल्या बऱ्याच केसेस साध्या पासवर्डच्या किंवा गेस्ट वायफायच्या निघतात, त्यात जुन्या-नव्याचा काही संबंधच नसतो. दुसरी गोष्ट, तडजोड करायची वेळ आलीच तर ती जुन्या मशीनच्या बाजूला करायची, नव्याला खाली ओढायचं नाही.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.)

"नेटवर्क" आयकॉनवर विश्वास ठेवू नका

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे "नेटवर्क" असतं, जुन्या विंडोजमध्ये "माय नेटवर्क प्लेसेस", त्यात दुसरं मशीन दिसलं नाही की लोक कनेक्शनच नाही असं धरून चालतात. तसं नसतं. ती फक्त एक यादी आहे, आणि जुनी यादी आणि नवी यादी बनवायची पद्धतच वेगळी आहे. एक्सपीच्या काळात कॉम्प्युटर ब्राउझर नावाची सर्व्हिस नेटबायोस या जुन्या नेटवर्क पद्धतीवर ओरडून सांगायची की मी इथे आहे, आणि ती सर्व्हिस एसएमबी वनवर अवलंबून होती. नव्या विंडोजमध्ये हे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी करतं. एक्सपीला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी कळत नाही आणि नव्याने जुनी पद्धत सोडून दिलीय, त्यामुळे दोघं एकमेकांच्या यादीत येणारच नाहीत, पण फाइल शेअरिंग मात्र व्यवस्थित चालू शकतं.

तेव्हा टेस्ट करताना यादीकडे बघायचंच नाही. विंडोज आणि आर दाबून रन उघडा आणि दोन बॅकस्लॅश देऊन समोरच्याचा आयपी टाका, असं: \\१९२.१६८.१.२०. उघडलं की काम झालं, तो शेअर ड्राइव्ह म्हणून मॅप करून टाका आणि यादी विसरून जा. दोन्ही मशीन सेव्हन किंवा त्यापुढची असतील आणि तरी यादीत दिसत नसतील तर मात्र सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या दोन सर्व्हिसेस चालू आहेत का बघा, दुसरी बऱ्याचदा बंद पडलेली सापडते, तिला ऑटोमॅटिक करा.

होमग्रुप (घरातल्या मशीनमध्ये शेअरिंग करायची विंडोजची जुनी सोय) शोधत असाल तर शोधू नका, तो विंडोज टेनच्या १८०३ व्हर्जनमध्ये म्हणजे २०१८ सालीच काढून टाकलाय. सेव्हनमध्ये तो अजून दिसतो म्हणून लोक तिथे पासवर्ड बनवत बसतात आणि टेनमध्ये तो टाकायची जागाच नसते.

वर्कग्रुपचं नाव सारखं पाहिजे का? यादीत नीट दिसण्यापुरतं पाहिजे. एक्सपी होमचं डिफॉल्ट एमएसहोम असायचं आणि बाकीच्यांचं वर्कग्रुप, त्यामुळे त्या काळी हा सल्ला सगळीकडे दिला जायचा. आयपी टाकून उघडताना वर्कग्रुपने काही अडत नाही. सारखं करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने प्रॉब्लेम सुटेल अशी आशा ठेवू नका.

दोघं खरंच एका नेटवर्कवर आहेत का

दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल द्या. एक १९२.१६८.१.२० आणि दुसरं १९२.१६८.१.३५ असं असेल, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० असेल, तर ठीक. एक १९२.१६८.१ वाला आणि दुसरा १९२.१६८.० वाला निघाला तर बहुधा घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत, एक इंटरनेट कंपनीने दिलेला आणि एक तुम्ही वर लावलेला, आणि दोघंही आपापलं नेटवर्क वाटतायत. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून हे लक्षात येत नाही. तुम्ही लावलेल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका (म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क वाटणार नाही), किंवा दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच काहीतरी घेतलाय. केबल, पोर्ट, लॅन कार्डचा ड्रायव्हर, तिथे बघा, शेअरिंगच्या सेटिंगला हातही लावू नका.

वायफायवर असाल तर आधी गेस्ट नेटवर्क तपासा. गेस्ट वायफायचा उद्देशच हा असतो की त्यावरचं डिव्हाइस घरातल्या बाकी कशाला शिवू नये. काही राउटरमध्ये मेन वायफायवरही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचा टिक असतो, तो चालू असेल तर इंटरनेट मस्त चालतं आणि आपापसात पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची कमांड) सुद्धा जात नाही. आणि लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर टेस्ट करताना बंद करा, बरेच व्हीपीएन लोकल नेटवर्क अडवतात.

जुन्या मशीनला वायफायच मिळत नसेल तर ती वेगळी कहाणी. जुनी बी/जी कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, ५ वालं नाव त्यांना दिसणारच नाही. दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर काही जुनी कार्डं गोंधळतात, तेव्हा २.४ ला वेगळं नाव देऊन बघा. चॅनल १२ किंवा १३ वर राउटर असेल तर काही जुन्या कार्डांना तो दिसत नाही, १, ६ किंवा ११ वर फिक्स करा. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए थ्री असेल तर जुनं कार्ड जोडलं जाणार नाही, मिक्स मोडमध्येही काही अडतात, मग २.४ वर साधं डब्ल्यूपीए टू ठेवायला लागतं. एक्सपीला डब्ल्यूपीए टू साठी सर्व्हिस पॅक थ्री टाकलेला असला की झंझट नाही. पण एवढ्यासाठी सगळ्या घराची सिक्युरिटी डब्ल्यूईपी या जुनाट वायफाय सिक्युरिटीवर आणू नका, प्लीज, ते मोडायला आता काहीच लागत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या डेस्कटॉपला सरळ लॅन केबल लावा, अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

पिंग, आणि पिंग गेला नाही तर एआरपी

आता दोन्हीकडून एकमेकांना पिंग करा, आयपीने, नावाने नाही. दोन्हीकडून उत्तर आलं तर पुढच्या भागात जा.

एकीकडून जातं आणि दुसरीकडून जात नाही असं झालं तर केबल-वायफाय ठीक आहे, ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याचा फायरवॉल अडवतोय. दोन्हीकडून नाही गेला तर एक युक्ती आहे जी फार कमी लोक वापरतात. पिंग फेल झाल्या झाल्या लगेच एआरपी डॅश ए द्या, कुठल्या आयपीमागे कुठलं कार्ड आहे त्याची यादी ती दाखवते. यादीत समोरच्याचा आयपी आणि त्याच्यापुढे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) दिसला तर मशीन पोहोचतंय, फक्त फायरवॉल गप्प बसवतोय, कारण फायरवॉल पिंगला अडवतो पण एआरपीला उत्तर जातंच. आयपीच दिसला नाही तर मात्र अडचण खाली आहे, केबल, आयसोलेशन, वेगळं नेटवर्क. या एका कमांडने तासभर वाचतो.

फायरवॉल म्हणजे तो बंद करायचा असं नाही. टेन-इलेव्हनमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमचं वायफाय किंवा इथरनेट, प्रॉपर्टीज, आणि तिथे नेटवर्क प्रोफाइल पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. नवीन नेटवर्क जोडताना विंडोज पब्लिक धरून चालतं, त्यामुळे राउटर बदलला की शेअरिंग अचानक बंद पडतं, लोकांना वाटतं राउटरच खराब. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा, शेअरिंग चालू केलं की पिंगची परवानगी आपोआप मिळते. सेव्हनमध्ये हेच होम, वर्क, पब्लिक असं विचारतं, होम किंवा वर्क निवडा. एक्सपीमध्ये असले प्रोफाइल नाहीत, तिथे विंडोज फायरवॉलच्या एक्सेप्शन्स टॅबमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला टिक करायचा. आणि बाहेरचा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो, विंडोजमध्ये कितीही बदल करा, तो वरून अडवतो, त्याच्या सेटिंगमध्ये होम किंवा ट्रस्टेड नेटवर्क करावं लागतं. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं अपडेट न झालेला, लायसन्स संपलेला अँटिव्हायरस असेल तर तो अनइन्स्टॉलच करून बघा, कारण यातले काही नुसते डिसेबल करून गप्प बसत नाहीत.

आयपीने पिंग जातो पण नावाने जात नाही, असं असेल तर फक्त नाव सापडत नाहीये. कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांच्या आत, स्पेस नको, चिन्हं नकोत. त्याहून सोपं म्हणजे राउटरमध्ये जुन्या मशीनला आयपी रिझर्व्ह करून टाका आणि कायम आयपीनेच जोडा.

यूजर, पासवर्ड आणि ते पिनचं लफडं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि एरर मेसेजही काही धड सांगत नाही. म्हणून एक्सप्लोररऐवजी कमांड प्रॉम्प्टमधून जोडून बघा, तिथे निदान नंबर मिळतो. नेट यूज, स्पेस, \\१९२.१६८.१.२०\शेअरचं नाव, स्पेस, स्लॅश यूजर कोलन, मग समोरच्या मशीनचं नाव, बॅकस्लॅश, आणि त्या मशीनवरचा यूजर. पासवर्ड विचारेल, टाका, टाइप करताना काही दिसत नाही ते नॉर्मल आहे.

एरर ५३ आला तर तो पासवर्डपर्यंत पोहोचलेलाच नाही, मागे जा किंवा पुढचा एसएमबीचा भाग बघा. १३२६ म्हणजे यूजर किंवा पासवर्ड चूक. १३२७ म्हणजे बहुतेक वेळा त्या यूजरला पासवर्डच नाही. ५ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. आणि १२१९ म्हणजे तुम्ही आधीच त्याच मशीनला दुसऱ्या नावाने जोडलेले आहात, विंडोज एका मशीनला एकावेळी दोन नावांनी जोडू देत नाही, मग नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट द्यायचं आणि परत प्रयत्न करायचा. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना चुकीचा पासवर्ड सेव्ह झालेला असेल तर तोही काढा, नाहीतर विंडोज मागच्या मागे तोच पाठवत राहतो आणि तुम्हाला विचारत पण नाही.

आता १३२७ बद्दल. घरच्या जुन्या पीसीला पासवर्ड कोण ठेवतो? चालू केला की सरळ डेस्कटॉप. पण एक्सपीपासून पुढे विंडोजचा नियम आहे की पासवर्ड नसलेला यूजर फक्त समोर बसून लॉगिन करू शकतो, नेटवर्कवरून नाही. त्यामुळे "पासवर्ड नाहीये तर रिकामा सोडतो" हे चालणार नाही. हा नियम बंद करता येतो, पण करू नका, त्यापेक्षा पासवर्ड ठेवा, हवं तर ऑटो लॉगिन लावा.

नव्या मशीनचं दुखणं वेगळं. तिथे माणूस रोज पिन टाकून किंवा चेहरा दाखवून आत जातो आणि नेटवर्कवर पासवर्ड विचारला की तोच पिन टाकतो. पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर यूजर म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो अर्ध्या लोकांना आठवत नसतो. मी तर सांगेन या भानगडीत पडूच नका, ज्या मशीनवर फोल्डर शेअर करायचाय त्यावर शेअरिंगपुरता एक वेगळा लोकल यूजर बनवा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूजर, स्पेस, यूजरचं नाव, स्पेस, पासवर्ड, स्पेस, स्लॅश ॲड. नाव साधं, स्पेस नसलेलं. मग फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्याच यूजरला परवानगी द्या.

परवानगी दोन ठिकाणी असते हे लक्षात ठेवा, शेअरिंग टॅबमध्ये एक आणि सिक्युरिटी टॅबमध्ये एक, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हीतली जी कडक ती लागू होते. शेअरमध्ये फुल कंट्रोल देऊन सिक्युरिटीमध्ये त्याचं नावच नसेल तर एरर ५ येणारच.

एक्सपीवर अजून एक खास गोष्ट, सिंपल फाइल शेअरिंग. हे चालू असलं की नेटवर्कवरून येणारा कोणीही असो, एक्सपी त्याला गेस्ट म्हणूनच आत घेतो, तुम्ही बरोबर यूजर-पासवर्ड दिला तरी. आणि नवं विंडोज गेस्ट म्हणून जायला बऱ्याचदा तयार नसतं, इलेव्हन प्रोचं २४एच२ व्हर्जन तर नाहीच. एक्सपी प्रोमध्ये फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू टॅब, एकदम खाली यूज सिंपल फाइल शेअरिंग, तो टिक काढा. एक्सपी होममध्ये तो काढताच येत नाही, तिथे गेस्टच, त्यामुळे एक्सपी होमवाल्यांनी सरळ खालचा एफटीपीचा (फाइली पाठवायची वेगळी, जुनी पद्धत) भाग गाठावा.

जुन्या मशीनची तारीख पण बघा. मदरबोर्डवरचा सेल गेला की घड्याळ दर वेळी कुठल्या तरी जुन्या वर्षावर जातं, आणि लॉगिनच्या नव्या पद्धतीत वेळही पाठवली जाते, फरक खूप असला की पासवर्ड बरोबर असून नाकारला जातो. हे सुचायलाच वेळ लागतो, म्हणून इथे लिहिलं.

एसएमबी वन: कधी लागतं, कधी अजिबात नाही

विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा म्हणजे एसएमबी. एक्सपीला फक्त पहिलं व्हर्जन येतं. व्हिस्टाने दुसरं आणलं, सेव्हनमध्ये २.१, एटमध्ये ३.०, टेनमध्ये ३.१.१. दोन मशीन भेटली की दोघांना येणारं सगळ्यात वरचं व्हर्जन ठरतं. म्हणजेच जुनं मशीन सेव्हन असेल तर एसएमबी वनची काही एक गरज नाही, टेन-इलेव्हन त्याच्याशी २.१ वर बोलतं. तरी सेव्हनसाठी एसएमबी वन चालू करा असा सल्ला ढिगाने सापडतो. केलं असेल तर बंद करून बघा, चालत राहतं. खात्री करायची असेल तर शेअर उघडा ठेवून ॲडमिन पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन द्या, डायलेक्ट कॉलममध्ये व्हर्जन दिसतं.

एक्सपी असेल तरच हा प्रश्न येतो. टेनच्या १७०९ व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून, नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी वनचा सर्व्हर भाग येतच नाही आणि क्लायंट भाग होम-प्रोमध्ये आला तरी १५ दिवस वापरला नाही की आपोआप निघून जातो. "काल-परवापर्यंत चालत होतं" यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि हे उगाच नाही केलेलं, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी वनमधल्या भोकातून, पॅच मार्चमध्येच आला होता पण असंख्य मशीनवर टाकलेला नव्हता. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला, तरी मायक्रोसॉफ्टला त्यासाठी खास पॅच काढावा लागला. तुमच्या एक्सपीवर तो नसेल तर आधी तो टाका, मगच पुढचं.

आता मुद्द्याचं. एसएमबी वनमध्ये क्लायंट आणि सर्व्हर असे दोन वेगळे भाग आहेत आणि तुम्हाला दोन्ही लागत नाहीत. शेअर एक्सपीवर करा, आणि फाइली आणायचं-ठेवायचं काम नव्या मशीनवर बसून करा. मग नव्या मशीनवर फक्त क्लायंट पुरतो, त्याच्यावर बाहेरून कोणी एसएमबी वनने येऊ शकत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ उघडा, एसएमबी १.० सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट शोधा, त्याच्या शेजारचा प्लस दाबून आतले तीन बघा, क्लायंटला टिक, सर्व्हरला नाही, ऑटोमॅटिक रिमूव्हललाही नाही, आणि रीस्टार्ट. वरच्या मोठ्या चौकटीला टिक केला की सगळंच चालू होतं, म्हणून तो करायचा नाही, आतलाच करायचा. नुसता तिथे टिक करा म्हणून सांगणारे हे कधीच सांगत नाहीत.

हे करूनही इलेव्हन प्रो २४एच२ वरून एक्सपी उघडत नसेल तर कारण सायनिंग असू शकतं. २४एच२ पासून प्रो एडिशन समोरच्याकडून प्रत्येक पॅकेटवर सही मागतं. एक्सपीला सही करता येते पण ते डिफॉल्टला बंद असतं. एक्सपी प्रोमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसी, सिक्युरिटी ऑप्शन्स, तिथे मायक्रोसॉफ्ट नेटवर्क सर्व्हरच्या नावाने डिजिटली साइन कम्युनिकेशन्सच्या दोन ओळी आहेत, त्यातली "इफ क्लायंट ॲग्रीज" वाली एनेबल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. नव्या मशीनवर सायनिंगची सक्ती काढायची कमांडही आहे, पण ती काढली की सगळ्याच शेअरसाठी निघते, त्यामुळे आधी एक्सपीकडून करून बघा.

राउटरला लावलेली यूएसबी हार्ड डिस्क किंवा जुना नॅस (नेटवर्कला जोडायचा फाइली ठेवायचा डबा) असेल तर त्यांचंही असंच होतं, गेस्टने उघडणारा नॅस नवा लॅपटॉप आल्यावर अचानक नकार देतो. त्याच्यावर यूजर-पासवर्ड बनवा, फर्मवेअर अपडेट असेल तर टाका, मेनूमध्ये एसएमबी टू चा पर्याय असेल तर तो चालू करा.

एसएमबी सोडून देणं हाही उपाय आहे

महिन्यातून एकदा चार फाइली न्यायच्या असतील तर एवढा खटाटोप कशाला. नव्या मशीनवर पायथन असेल तर ज्या फोल्डरमधल्या फाइली द्यायच्यात तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पायथन, स्पेस, डॅश एम, स्पेस, एचटीटीपी डॉट सर्व्हर, स्पेस, ८००० असं द्या. फायरवॉल विचारेल, फक्त प्रायव्हेटला हो म्हणा. मग जुन्या मशीनच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये नव्याचा आयपी, कोलन, ८००० टाका, फाइलींची यादी येते, क्लिक करून उतरवा. जुने ब्राउझर आजच्या साइटवर अडतात ते एचटीटीपीएसमुळे, हे साधं एचटीटीपी आहे त्यामुळे चालतं. एकाच दिशेने जातं, आणि चालू असेपर्यंत नेटवर्कवरचा कोणीही तो फोल्डर बघू शकतो, काम झालं की कंट्रोल सी.

दोन्ही दिशांनी हवं असेल तर एफटीपी. नव्या मशीनवर फाइलझिला सर्व्हरसारखं काहीतरी टाका, एक यूजर, एक फोल्डर, बस. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तो दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा आणि राउटरमध्ये त्याचा पोर्ट बाहेर उघडायचा नाही.

एखादं पडीक मशीन असेल तर त्यावर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजशी फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाकून मधला माणूस करता येतो, ही मला सगळ्यात आवडणारी पद्धत, कारण नव्या मशीनवर काहीच जुनं चालू करावं लागत नाही. फक्त एवढं की सांबाने ४.११ पासून, २०१९ पासून, एसएमबी वन डिफॉल्टला बंद केलंय, एक्सपीसाठी कॉन्फिगमध्ये सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ असं लिहावं लागतं. आणि एक्सपी डिफॉल्टला लॉगिनची जुनी पद्धत वापरतो जी सांबा घेत नाही, मग एक्सपीच्या रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटच्या कंट्रोल, एलएसएमध्ये एलएम कंपॅटिबिलिटी लेव्हल ३ करायची आणि रीस्टार्ट.

एक्सपी नेटवर्कवर ठेवायचाच असेल तर त्याचं इंटरनेट तोडा. त्याला आयपी हाताने द्या, राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) बाहेरचा, सबनेट मास्क नेहमीचा आणि डीफॉल्ट गेटवे आणि डीएनएस रिकामे. घरातल्या घरात सगळं चालतं, बाहेर जायचा रस्ताच त्याला माहीत नसतो. सेव्हनचा सपोर्टही १४ जानेवारी २०२० ला संपलाय, त्याच्यासाठीही हे करायला हरकत नाही.

चालतंय पण कासवगतीने

जुनं लॅन कार्ड १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला ११-१२ मेगाबाइट हाच त्याचा टॉप आहे, त्यात बिघाड काही नाही. ५४ मेगाबिटच्या जी वायफायवर प्रत्यक्षात २-३ मेगाबाइट मिळाले तरी समाधान मानायचं. पण एक-दीड मेगाबाइटवर अडकतंय, मधेच थांबतंय आणि ते लॅन केबलवर, तर कार्डच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स बघा. कोणीतरी पूर्वी १०० फुल असं फिक्स करून ठेवलेलं असतं, समोरचा राउटर ऑटोवर असतो, आणि समोरच्याला उत्तर न मिळाल्याने तो हाफवर, म्हणजे एकावेळी एकाच दिशेने, जातो, मग टक्कर होत राहते. दोन्हीकडे ऑटो. आणि गिगाबिट कार्ड असून १०० वरच जोडलं जात असेल तर केबल बदला, १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, एक तार तुटली तरी ते गुपचूप खाली उतरतं.

प्रिंटर जुन्या मशीनवरून शेअर करायचा हट्ट मात्र सोडा. २०२१ पासूनच्या प्रिंटिंगच्या सिक्युरिटी अपडेट्सनंतर यात एवढे एरर यायला लागले, त्यातला ११बी वाला तर बऱ्याच जणांच्या ओळखीचा, आणि त्यावर सगळे ज्या रजिस्ट्रीच्या युक्त्या सांगतात त्या म्हणजे तेच संरक्षण काढून टाकणं. प्रिंटरला स्वतःचं लॅन किंवा वायफाय असेल तर दोन्ही मशीनवर तो टीसीपी-आयपी पोर्टने वेगवेगळा जोडा, मधे कोणाचा शेअर नकोच. फक्त यूएसबीचाच असेल तर राउटरच्या यूएसबीला प्रिंट सर्व्हरची सोय आहे का बघा, नसेल तर त्याची वायर नव्या मशीनला लावा आणि जुन्यावरची फाइल वरच्या कुठल्याही मार्गाने इकडे आणून प्रिंट काढा.